खोल पाण्यांतला मासा

मासे धरण्याच्या छंदाविषयीं सुशिक्षित समाजांत जो समज रूढ आहे, तो त्या छंदास फारसा भूषणावह नाहीं. पाण्याच्या कांठीं गळ टाकून बसलेला मनुष्य आळशी तरी असावा किंवा तत्त्वज्ञ तरी असावा, असें आपण धरून चालतों. आणि पुष्कळदां या दोहोंत फरक करण्याची आपणांस गरजही भासत नाहीं. आम्ही स्वतः कोंकणांतले असूनही या समजापासून मुक्त नव्हतों. रापण ओढणारे कष्टाळू लोक आम्हीं लहानपणीं पाहिले होते, आणि पुलाच्या कठड्यावरून गरी टाकून तासन्तास बसणारे रिकामटेकडेही पाहिले होते. पहिल्यांचा तो धंदा व दुसऱ्यांचा तो वेळ घालविण्याचा उपाय, अशी वांटणी करून आम्ही मोकळे झालों होतों. गेल्या माघांत कॅनडांतील एका गोठलेल्या सरोवरावर एक दिवस काढण्याचा योग आला आणि ही वांटणी कायमची मोडली.

आमची धाकटी बहीण पुष्कळ वर्षांपासून ऑन्टारियो प्रांतांतील बॅरी या गांवीं राहते. टोरोंटोच्या उत्तरेस मोटारीनें सुमारें तासाभराच्या अंतरावर हें गांव आहे, आणि गांव जेथें संपतें तेथूनच सिम्को सरोवराचा केम्पेनफेल्ट नांवाचा लांबट फांटा सुरू होतो. या सरोवराचा विस्तार ७२२ चौरस किलोमीटर आहे; मुंबई महापालिकेची सारी हद्द त्यांत बुडविली तरी पुष्कळ पाणी उरेल. दक्षिणेकडील कुक उपसागर उथळ आहे, पण केम्पेनफेल्टचा तळ ४१ मीटरांपर्यंत खालीं जातो. १७९३ सालीं सिम्को नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ सरोवरास हें नांव दिलें. त्यापूर्वीं हजारों वर्षें या पाण्यावर मासे धरणारे लोक तेथें राहत होते, त्यांच्याविषयीं पुढें सांगावयाचें आहे.

त्या दिवशीं आमच्या भाच्यानें आम्हांस अंधारांतच उठविलें. "मामा, उठा. उजाडायच्या आंत बर्फावर पोंचायचें आहे," असें म्हणून त्यानें आमच्या अंगावर एकावर एक इतके कपडे चढविले कीं, आरशांत आमची आम्हांसच ओळख पटेना. त्याची घसरगाडी दाराशीं तयार होती. तींत सुताराच्या गिरमिटासारखें, पण छातीइतक्या उंचीचें एक गिरमिट होतें. घडीची राहुटी होती. हातभर लांबीच्या दोन गळकाठ्या होत्या. आणि एक झारा होता. हा झारा बहिणीच्या स्वयंपाकघरांतून उचललेला असावा, असा आम्हांस संशय आला. छिद्रांत जमणारा बर्फाचा चुरा काढण्यासाठीं तो लागतो, हें मागाहून कळलें. त्याच झाऱ्याचा त्या दिवशीं आणखी एक उपयोग व्हावयाचा होता.

कांठाजवळच एक छिद्र पाडून भाच्यानें बर्फाची जाडी मोजली. काचेसारखा निळसर बर्फ मजबूत असतो. वर पडलेलें हिम भिजून पुन्हां गोठल्यानें जो दुधी बर्फ होतो, त्याची ताकद निम्मी धरतात. आमच्या पायांखालीं चांगला हातभर बर्फ होता, आणि तो बहुतेक निळा होता. तरीही बरेंच अंतर चालून गेल्यावर खालून तोफ डागल्यासारखा आवाज झाला, आणि आम्ही जागच्या जागीं खिळलों. "घाबरूं नका, मामा. बर्फ मोडत नाहीं, नुसता ताणला जातो आहे," भाचा म्हणाला. थंडीनें बर्फ आकसतो, उन्हानें पसरतो, आणि त्या ओढाताणींत असे आवाज होतात. कारण समजलें म्हणजे भीति जाते असें म्हणतात. आमची गेली नाहीं.

आमच्या कल्पनेप्रमाणें आतां एक छिद्र पाडावयाचें, त्यांत गळ सोडावयाचा आणि राहुटींत बसून चहा प्यावयाचा, एवढेंच काम उरलें होतें. भाच्यानें राहुटी उघडलीसुद्धां नाहीं. "इथें बसायचें नसतें, मामा, हिंडायचें असतें. आधीं मासा शोधायचा. बसायचें तें मग."

समुद्रावर मासळीचा माग लागण्यास कांहीं खुणा तरी असतात. पांखरें घिरट्या घालतात, पाण्याचा रंग पालटतो, पृष्ठभागावर शिरशिरी उठते. अनुभवी तांडेल त्यांवरून जाळें कोठें टाकावयाचें तें ठरवितो. बर्फ या साऱ्या खुणा पुसून टाकतो. चारी दिशांस एकच सपाटी दिसते. तिच्याखालीं टेंकडी आहे, उतार आहे कीं मैदान आहे, हें नकाशावरून आणि गळाच्या दोरीवरून समजून घ्यावें लागतें. अशा कित्येक मैलांच्या सपाटीवर वीतभर रुंदीचें छिद्र पाडून त्याखालीं नेमका मासा असावा अशी अपेक्षा करणें, म्हणजे आगगाडींतून दगड फेंकून तो ओळखीच्याच माणसास लागेल असें मानण्यासारखें आहे.

आम्ही शोधीत होतों तो मासा म्हणजे पिवळा पर्च. वीतभर लांबी, पितळेसारखें पिवळें अंग, त्यावर सहा ते आठ काळसर उभे पट्टे, पोटाखालचे पर नारिंगी, आणि पाठीवर कांट्यांची इतकी ताठ ओळ कीं निष्काळजी हात रक्ताळल्यावांचून राहूं नये. हा मासा डोळ्यांवर जगतो. दिवसां उजेडीं तो थव्यानें हिंडतो व खातो; अंधार पडूं लागला कीं थवा मोडतो आणि एकेक मासा तळाशीं जाऊन स्वस्थ पडून राहतो. म्हणून त्याचा शोध घ्यावयाचा तो सूर्य असेपर्यंतच.

हा थवा हिवाळ्यांत कोठें सांपडावा? पाणी ४ अंश उष्णतेवर सर्वांत जड असतें, हें शाळेंतील मुलांसही ठाऊक असतें. त्यामुळें गोठलेल्या सरोवरांत उन्हाळ्याचा क्रम उलटतो: बर्फालगतचें पाणी शून्य अंशाजवळ असतें आणि खोल जावें तसतसें तें थोडें थोडें उबदार होत जातें. परंतु मासा केवळ उबेसाठीं जागा बदलतो असें नव्हे. अन्नाची ओढ त्याहून मोठी. हिवाळ्याच्या आरंभीं कांठाजवळ हिरव्या पाणवनस्पती उभ्या असतात, आणि त्यांच्या आश्रयानें लहान जीवही असतात, तोंवर पर्च तेथें रेंगाळतो. पुढें बर्फावर हिम सांचून उजेड कमी होतो, वनस्पती कुजूं लागतात, आणि थवे उतारावरून खालच्या मऊ चिखलाच्या मैदानाकडे सरकतात. कारण त्या चिखलांत चिलटांसारख्या कीटकांच्या अळ्या विपुल असतात. वसंत जवळ येतांच अंडीं घालण्यासाठीं ते पुन्हां उथळ पाण्याची वाट धरतात. मोठ्या सरोवरावर हा प्रवास मैलोगणती होऊं शकतो. काल जेथें बादली भरली, तेथें आज एकही मासा नसतो.

भाच्याची पद्धति या ज्ञानावरच उभारलेली होती. पंधरा फूट पाण्यापासून आरंभ करून खोल पाण्याकडे जाणारी छिद्रांची एक सरळ ओळ त्यानें आंखली. प्रत्येक छिद्रांत तो एक लहानसें यंत्र सोडी. तें ध्वनिलहरी पाठवून, परत येणाऱ्या पडसादावरून तळ, गळ आणि मध्यें मासा असल्यास तोही पडद्यावर रेघांनीं दाखवी. पांच मिनिटें थांबावयाचें. रेघ न दिसल्यास गिरमिट उचलून पुढें चालावयाचें. यंत्रालाही छिद्राखालचा थोडासाच भाग दिसतो, म्हणून यंत्र असलें तरी चालणें कांहीं सुटत नाहीं. नऊ वाजेपर्यंत आमचीं सहा छिद्रें झालीं, हातमोज्यांत बोटें बधिर झालीं, आणि आळशी माणसांविषयीं आमचें जुनें मत आम्हीं गुपचूप मागें घेतलें.

वीस फूट पाण्यावर एक वृद्ध गृहस्थ उपड्या बादलीवर बसले होते. भाच्याची व त्यांची ओळख होती. वयानें ते सत्तरीपलीकडचे असावेत. ते म्हणाले, "माझ्या तरुणपणीं ह्याच जागेवर पाणवनस्पतींची शेवटची ओळ होती. दहा वाजायच्या आंत पुरेसे मासे घेऊन मी घरीं जात असें. आतां ती ओळच खालीं गेली." त्याचें कारणही त्यांनीं सांगितलें. १९९० नंतरच्या दशकांत झेब्रा नांवाच्या पट्टेदार शिंपल्या या सरोवरांत पसरल्या. मुळांत त्या पूर्व युरोपच्या बाजूच्या. जहाजांच्या पाण्यांतून त्या अमेरिकेंत आल्या. त्या पाणी गाळून आपलें अन्न मिळवितात. त्यामुळें पाणी अधिक स्वच्छ झालें, उजेड अधिक खोल जाऊं लागला, आणि वनस्पतींनींही खोल पाण्यांत पाय रोंवले. बर्फाचाही भरंवसा पूर्वीसारखा उरला नाहीं. २०२३-२४ च्या उबदार हिवाळ्यांत तो इतका उशिरा व इतका पातळ धरला कीं, राहुट्या भाड्यानें देणाऱ्यांचा हंगाम बुडाला. हें सारें वृद्ध गृहस्थ तक्रारीच्या सुरांत बोलत नव्हते. घरांतलें सामान कोणीं हलविलें असतां जुना माणूस चांचपडत चालतो, तसें त्यांचें झालें होतें. "आतां मला इथेंच बसायला आवडतें, म्हणून मी इथें बसतों. तुम्हांला मासे हवे असले तर खालीं जा," असें ते म्हणाले.

आम्ही खालीं गेलों. अकराव्या छिद्रांत, पन्नास फूट पाण्याच्या तळाशीं, यंत्राच्या पडद्यावर एकाएकीं जाड रेघांची दाटी झाली. भाच्यानें गळ सोडला. दोरी कितीतरी वेळ उलगडतच राहिली. आणि ती तळाशीं टेंकते न टेंकते तोंच काठीचें टोंक वांकलें. पहिला पर्च छिद्रांतून वर आला, तेव्हां त्या पांढऱ्या उजेडांत त्याचें पिवळें अंग असें झळकलें कीं, आम्ही नकळत ओरडलों. सकाळभर ज्याच्या अस्तित्वाचा कांहींच पुरावा नव्हता, तो मासा प्रत्यक्ष हातांत आला होता. शोधाचा आनंद ज्ञानाच्या आनंदाशीं किती जवळचा आहे, हें आम्हांस त्या क्षणीं पटलें.

आतां मात्र राहुटी उभारली गेली. थवा किती दूरवर पसरला आहे तें पाहण्यासाठीं भाचा आणखी छिद्रें पाडावयास निघून गेला, आणि आम्ही राहुटींत एकटे राहिलों. मासे एकामागून एक येऊं लागले. मोठे आम्हीं बादलींत टाकले. जे चार-पांच बोटांएवढे होते, त्यांची आम्हांस दया आली. पूर्ण परवान्यावर दिवसाला ५० पर्च ठेवण्याची मुभा होती, तेव्हां तेही आम्हांस ठेवतां आले असते. पण कोंवळा जीव घेऊं नये असा एक संस्कार आमच्या मनावर आहे. म्हणून गळ अलगद काढून, कल्ल्यांस धक्का न लागेल अशी काळजी घेऊन, आम्हीं ते राहुटीबाहेरच्या दुसऱ्या छिद्रांत एकेक करून सोडून दिले. असे नऊ मासे सोडले. प्रत्येक वेळीं आम्हांस स्वतःविषयीं किंचित् अधिक बरें वाटलें, हें येथें कबूल केलें पाहिजे.

तासाभरानें ते वृद्ध गृहस्थ पाय मोकळे करावयास तिकडे आले. राहुटीबाहेर थांबून त्यांनीं हांक मारली, "लहान मासे तुम्हीच सोडले का?" आम्हीं अभिमानानें होकार दिला. ते कांहीं बोलले नाहींत. आमचा झारा मागून घेऊन त्यांनीं तो बाहेरच्या छिद्रांत बुडविला व वर काढला. त्यांत एक पर्च होता. त्याचें पोट वर होतें आणि तोंडांतून जठराची फुगलेली पिशवी बाहेर आली होती. कल्ले अजून हलत होते. त्यांनीं आणखी दोन काढले. बाकीचे सहा बर्फाखालीं वाहत गेले होते. तेथें झारा पोंचत नव्हता.

मग त्यांनीं आम्हांस जें समजावून सांगितलें तें असें. माशाच्या अंगांत वायूची एक पिशवी असते. तिच्या योगानें तो पाण्यांत हव्या त्या खोलीवर तरंगून राहतो. ट्राउटसारख्या माशांत, किंवा आपल्याकडील रोहू-कटल्यांत, या पिशवीपासून घशाकडे एक नळी असते. वर येतांना ते मासे जादा वायु तोंडावाटे सोडून देऊं शकतात. पर्चला ही नळी नाहीं. त्याच्या पिशवींतला वायु रक्तावाटेच, फार सावकाश कमी होतो. पन्नास फूट पाण्याखालीं दाब पृष्ठभागाच्या सुमारें अडीचपट असतो. तेथून मासा क्षणार्धांत वर ओढला कीं तो वायु अडीचपट फुगूं पाहतो, आंतडीं-जठर दाबून बाहेर ढकलतो, आणि मासा पुन्हां खालीं जाऊं शकत नाहीं. पंधरा-वीस फुटांवरून काढलेला पर्च सोडला तर बहुधा पोहून जातो. पन्नास फुटांवरचा सोडला, तरी तो आपण मारलेलाच असतो. फक्त आपणांस तो मरतांना दिसत नाहीं.

ते गृहस्थ निघून गेल्यावर आम्ही पुष्कळ वेळ गळ न सोडतां बसून राहिलों. नऊ मासे ही संख्या मोठी नव्हे. आमच्या जन्मांत आम्हीं खाल्लेल्या मासळीपुढें ती नगण्यच. शिवाय नियमभंग झाला नव्हता. मनास लागलें तें निराळेंच होतें. मासे मारण्याचें काम आणि दया करण्याचें समाधान, हीं दोन्ही आम्हीं एकाच तासांत उपभोगलीं होतीं. आणि त्यांपैकीं दुसरें नुसतें खोटें ठरलें एवढेंच नव्हे, तर पहिल्याहून तें अधिक निर्दय ठरलें. बादलींतले अकरा मासे कोणाच्या तरी पोटीं जाणार होते. बाहेरचे नऊ आमच्या सद्भावनेस बळी पडले होते. दानधर्मांत, मुलांच्या संगोपनांत, नोकरमाणसांशीं वागण्यांत आपण असे किती मासे राहुटीबाहेरच्या छिद्रांत सोडून आलों असूं, असाही एक विचार त्या थंडींत मनास शिवून गेला.

याच सरोवराच्या उत्तर टोंकाला, जेथें तें एका अरुंद वाटेनें कूचिचिंग सरोवरास मिळतें, तेथें पाण्याच्या तळांत जुन्या लांकडी खुंटांच्या रांगा आहेत. मूळच्या रहिवाशांनीं मासे अडविण्यासाठीं घातलेलीं तीं कुंपणें. त्यांपैकीं सर्वांत जुने खुंट सुमारें ५००० वर्षांपूर्वींचे आहेत. तें ठिकाण आम्हीं दोन दिवस आधींच पाहिलें होतें, आणि एक जुनी कारागिरी एवढ्याच भावनेनें पाहून परतलों होतों. राहुटींत बसल्यावर तिचा अर्थ लक्षांत आला. कुंपणांत अडकलेला मासा आपल्याच पाण्यांत, जिवंत असतो. हवा तो उचलावा, नको तो वाट मोकळी करून जाऊं द्यावा. निवड करण्यास तेथें अवकाश असतो. पन्नास फुटांवरच्या गळाला असा अवकाश नाहीं. तेथें निवड करावयाची असेल, तर ती गळ सोडण्यापूर्वीं केली पाहिजे. एकदां तो खालीं गेला, कीं जें वर येईल तें लहान असो वा मोठें, आपलेंच मानून घरीं न्यावें, मोजावें आणि पुरे झालें म्हणजे थांबावें.

भाचा परत आला तेव्हां त्यास आम्हीं सर्व सांगितलें. त्याचा चेहरा उतरला. "मला सांगायला हवें होतें, मामा. पुढचा थवा शोधायच्या नादांत राहून गेलें," तो म्हणाला. आम्हीं त्यास दोष दिला नाहीं. शोधण्याचा नाद काय असतो तें आम्हीं नुकतेंच अनुभवलें होतें. त्यानें आणखी दोन थवे शोधून काढले होते, साठ फुटांच्या आसपास. दोघांनींही त्यांचें नांव काढलें नाहीं. राहुटी मोडून, घसरगाडी ओढीत, आम्ही चढावर परत आलों आणि त्या वृद्ध गृहस्थांच्या शेजारीं वीस फूट पाण्यावर बसलों. दुपारभर तेथें फारसें कांहीं हातीं आलें नाहीं. चार चांगले पर्च मिळाले. दोन लहान मिळाले, ते सोडतांच शेपटीचा एक झटका देऊन अंधाऱ्या पाण्यांत सरळ खालीं गेले. आम्ही दोन्ही वेळां छिद्रावर वांकून, ते दिसेनासे होईपर्यंत पाहत राहिलों.

पांच वाजायच्या सुमारास ऊन तांबडें झालें, यंत्राच्या पडद्यावरच्या रेघा विरळ होत गेल्या आणि शेवटीं तळाची तेवढी रेघ उरली. पर्च आपापल्या जागीं निजावयास गेले होते. वृद्ध गृहस्थांनीं बादली उलथून तींत दोन मासे टाकले, टोपीला हात लावला आणि ते कांठाकडे चालूं लागले. दिवसभरांत त्यांना दोनच मासे मिळाले होते, आणि ते पुरेसे असावेत असें त्यांच्या चालण्यावरून वाटलें.

घरीं बहिणीनें मासे साफ करून तांदळाच्या पिठांत घोळविले. तिखट, हळद आणि जपून ठेवलेलें कोंकणांतलें आगळ तिनें आधींच लावून ठेवलें होतें. पर्चचें मांस पांढरें व गोडसर असतें, आणि आगळाशीं त्याचें चांगलें जमलें. तव्याजवळ उभी राहून तिनें विचारलें, "दादा, एकंदर किती मिळाले?"

"चोवीस," आम्ही म्हणालों.

तिनें ताटांत मोजून पाहिले. अठराच भरले. "दादा, तुमचा हिशोब चुकला," ती हंसून म्हणाली.

भाच्यानें आमच्याकडे पाहिलें. हिशोब बरोबर होता. तो तिला आम्हीं जेवण झाल्यावर सांगितला.